तायक्वांदोला नाव देणारा सेनापती

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. मारुतीचे देऊळ आणि त्याच्या सावलीत घुमणारी तालीम हा बलोपासनेचा जो संस्कार महाराष्ट्राने समर्थांच्या नावाशी जोडला, त्याची आठवण या भूमीला आजही आहे. त्याच मराठवाड्यातील शहरांत गेल्या काही दशकांत तालमीच्या जोडीला आणखी एक दृश्य दिसू लागले. पांढरा, सैलसर पोशाख केलेली मुले-मुली रांगेत उभी राहतात, कमरेत वाकून प्रशिक्षकांना अभिवादन करतात आणि ‘हाना, दूल, सेत’ अशा मोजणीवर एकामागून एक लाथा हवेत उंचावतात. ही एक, दोन, तीनची मोजणी कोरियन भाषेतली आहे आणि शालेय क्रीडा स्पर्धांपर्यंत पोहोचलेल्या या खेळाचे नाव आहे तायक्वांदो.

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पट्ट्यांचा क्रम या मुलांना तोंडपाठ असतो. मात्र ज्या नावाने ती हा खेळ ओळखतात, ते नाव कोणी दिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो मान कोरियाचे एक सेनाधिकारी, जनरल चोई हाँग-ही यांच्याकडे जातो. एका पराधीन देशात जन्मलेल्या, अशक्त प्रकृतीच्या या मुलाने पुढे आपल्या राष्ट्राला जगभर ओळख मिळवून देणारी युद्धकला उभी केली. त्याच कलेने ऑलिम्पिकचे सुवर्णपदक पाहिले तेव्हा मात्र तिला नाव देणारा हा माणूस मायदेशातून हद्दपार झालेला होता आणि ऑलिम्पिकच्या व्यासपीठावर त्याच्या संघटनेला जागा नव्हती. चोई यांचे चरित्र म्हणजे एका खेळाची जन्मकथा तर आहेच. फाळणीने एका माणसाकडून काय काय हिरावून घेतले, याची ती कहाणीही आहे.

पराधीन देशातील बालपण

चोई यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कोरियाच्या ईशान्येकडील हामग्याँग प्रांतात झाला. हा प्रदेश आज उत्तर कोरियात आहे. त्यांच्या जन्मापूर्वी आठ वर्षे, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळंकृत केला होता. शाळा, कचेरी, पोलीस, सारेच जपानी अमलाखाली गेले. पुढे तर शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि कोरियन माणसांवर जपानी नावे धारण करण्याची सक्ती आली. निजामाच्या राजवटीत मातृभाषेतल्या शिक्षणासाठी झगडलेल्या मराठवाड्याला या वेदनेची कल्पना सहज येऊ शकेल.

लहानपणी चोई ठेंगणे, किरकोळ आणि सतत आजारी असत. जपानी सत्तेविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्यामुळे वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. तेव्हा वडिलांनी त्यांना हान इल-दाँग नावाच्या गुरूंकडे सुलेखन शिकण्यासाठी पाठवले. या गुरूंना तेक्क्यॉन ही पायांनी खेळायची जुनी कोरियन कलाही अवगत होती आणि शिष्याची प्रकृती सुधारावी म्हणून त्यांनी तिचेही धडे दिले, असे चोई यांनी नमूद करून ठेवले आहे. पुढच्या काही अभ्यासकांनी या शिक्षणाविषयी शंका घेतली. सुलेखनाची आवड मात्र निर्विवाद. हातात कुंचला धरून अक्षरे काढण्याचा छंद या सेनापतीने आयुष्याच्या अखेरपर्यंत जपला.

१९३७ मध्ये उच्च शिक्षणासाठी ते जपानला निघाले. निघण्याच्या आदल्या रात्रीचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो. आईने प्रवासासाठी दिलेले पैसे चोई पत्त्यांच्या जुगारात गावातल्या एका धिप्पाड कुस्तीगिराकडे हरले. पैसे परत मिळेनात, तेव्हा त्यांनी शाईची दौत उचलून त्याच्या कपाळावर मारली, पैसे घेतले आणि पळ काढला. गावी परतलो की तो पैलवान आपल्याला सोडणार नाही, ही धास्ती मनात घेऊनच त्यांनी जपान गाठले. या प्रसंगात त्यांच्या स्वभावाची दोन्ही टोके दिसतात. जिद्द अफाट होती आणि संतापाला आवर नव्हता. पुढे ज्या कलेत त्यांनी आत्मसंयमाला मानाचे स्थान दिले, तो गुण त्यांना स्वतःला सहजी लाभलेला नव्हता.

कराटेचा पट्टा आणि तुरुंगाची कोठडी

क्योतो येथे एका कोरियन शिक्षकाकडे त्यांनी कराटेचा सराव सुरू केला. ओकिनावा बेटावरून जपानच्या मुख्य भूमीवर आलेली ही कला तेव्हा तेथील विद्यापीठांतून लोकप्रिय होत होती. चोई शोतोकान पद्धतीचे कराटे शिकले, काळा पट्टा मिळवला आणि पुढे तोक्योत शिकत असताना दुसरी पदवीही संपादन केली. वाटेतल्या दिव्याच्या खांबांवर हातापायांचे प्रहार करत, गावच्या त्या पैलवानाला तोंड देण्याची तयारी करत हा तरुण स्वतःला घडवत होता.

दुसऱ्या महायुद्धाने या शिक्षणाला पूर्णविराम दिला. कोरियन विद्यार्थ्यांना जपानी सैन्यात भरती करण्यात आले. चोईही त्यातून सुटले नाहीत. प्याँगयाँग येथे नेमणूक असताना, जपानी सैन्यातून निसटून स्वातंत्र्यलढ्यात सामील होण्याच्या कटात सहभागी असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. तुरुंगाच्या अंधाऱ्या कोठडीत अंगात ऊब राहावी आणि मन खचू नये म्हणून त्यांनी पुन्हा सराव सुरू केला. हळूहळू सोबतचे कैदी त्यांचे शिष्य झाले. पहाऱ्यावरचे लोकही त्यांच्याकडे कुतूहलाने पाहू लागले.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती पत्करली आणि कोरिया मुक्त झाला. भारताच्या स्वातंत्र्यदिनाचीच ही तारीख; दोन वर्षे आधीची. चोई तुरुंगातून बाहेर आले. पण स्वातंत्र्याच्या पाठोपाठ देशाची फाळणीही आली. अडतिसाव्या अक्षांशाच्या उत्तरेला सोव्हिएत फौजा आणि दक्षिणेला अमेरिकी फौजा उतरल्या. चोई यांचे जन्मगाव उत्तरेत राहिले आणि त्यांनी स्वतः दक्षिणेची वाट धरली.

मुठीची पलटण

जानेवारी १९४६ मध्ये दक्षिण कोरियाच्या नव्याने उभ्या राहणाऱ्या सैन्यात ते सेकंड लेफ्टनंट झाले. क्वांगजू येथील आपल्या तुकडीतल्या जवानांना ते फावल्या वेळी युद्धकला शिकवू लागले. बदली होईल त्या छावणीत हा वर्ग त्यांच्याबरोबर गेला. अमेरिकेतील लष्करी प्रशिक्षणानंतर ते वेगाने वर चढले. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाच्या सैन्याने दक्षिणेवर चढाई केली आणि तीन वर्षे चाललेल्या युद्धाने सारा द्वीपकल्प होरपळून निघाला. या युद्धाच्या काळातच, १९५१ मध्ये, चोई ब्रिगेडियर जनरल झाले. तेव्हा ते अवघे बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते.

१९५३ मध्ये युद्धविराम झाला. शांतता करार झाला नाही. त्याच वर्षी जेजू बेटावर त्यांनी २९वी पायदळ डिव्हिजन उभी केली. आवळलेली मूठ हे तिचे चिन्ह होते. या डिव्हिजनमधील जवानांना रोजच्या कवायतीबरोबर हातापायांच्या प्रहारांचे शिक्षण सक्तीचे होते. नाम ते-ही या निष्णात सहकाऱ्याच्या मदतीने चोई यांनी १९५४ मध्ये ‘ओ दो क्वान’ ही स्वतःची शाळा स्थापन केली. नावाचा अर्थ, माझ्या मार्गाची शाळा.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्यासमोर जवानांची प्रात्यक्षिके झाली. नाम ते-ही यांनी एका ठोशात तेरा कौले फोडली. वृद्ध राष्ट्राध्यक्ष प्रभावित झाले आणि ही तर आपली जुनी तेक्क्यॉन कला, असा अभिप्राय त्यांनी दिला. वस्तुतः समोर जे चालले होते, त्यात कराटेचा वाटा मोठा होता. पण राष्ट्राध्यक्षांच्या त्या एका अभिप्रायाने चोई यांच्यापुढे संधीचे दार उघडले. जपानी अमलाच्या जखमा ओल्या असताना जपानी नावाची कला कोरियन सैन्यात टिकणे अशक्य होते. तिला कोरियन नाव हवे होते आणि ते तेक्क्यॉनच्या जवळचेही हवे होते.

११ एप्रिल १९५५

चोई शब्दकोश घेऊन बसले. सुलेखनाच्या निमित्ताने चिनी चिन्हांशी लहानपणीच जडलेली मैत्री येथे कामी आली. ‘ते’ म्हणजे पायाने केलेला प्रहार, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. तीन चिन्हे एकत्र आली आणि ‘तेक्वॉनदो’ हा शब्द तयार झाला. मराठीत रुळलेला ‘तायक्वांदो’ हा त्याचाच उच्चार. उच्चाराने तेक्क्यॉनशी नाते सांगणारा आणि अर्थाने हात, पाय व मन या तिघांना एका सूत्रात बांधणारा हा शब्द ११ एप्रिल १९५५ रोजी झालेल्या बैठकीत स्वीकारण्यात आला. महाराष्ट्रात महात्मा फुले यांच्या जयंतीचा हा दिवस. तायक्वांदोच्या जगात तो नामकरणदिन म्हणून पाळला जातो.

नाव मिळाले, तरी सर्व आखाडे लगेच त्याखाली आले नाहीत. त्या काळी कोरियात ‘क्वान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक शाळा होत्या. प्रत्येकाचा गुरू वेगळा, परंपरा वेगळी आणि अभिमानही वेगळा. कोणी कलेला ‘ताँग सू दो’ म्हणे, तर कोणी ‘काँग सू दो’. आपल्याकडे एका वस्तादाच्या तालमीतला पैलवान दुसऱ्या तालमीची मातब्बरी सहजासहजी मान्य करत नाही, तसाच हा प्रकार होता. चोई यांनी लष्करी पदाचे सारे वजन या एकीकरणासाठी वापरले. १९५९ मध्ये कोरियन तायक्वांदो असोसिएशनची स्थापना झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी लष्करी पथकाने दक्षिण व्हिएतनाम आणि तैवान येथे प्रात्यक्षिके केली. त्यांचा या कलेवरचा पहिला ग्रंथही त्याच वर्षीचा.

इतिहासाचे पाठ, हातापायांच्या भाषेत

चोई यांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर जाणकार ‘तूल’ या शब्दाकडे बोट दाखवतात. प्रतिस्पर्धी समोर आहे असे कल्पून ठरावीक क्रमाने करायच्या बचाव व प्रहारांची ही मालिका. कराटेतही अशा मालिका आहेत. चोई यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने स्वतंत्र मालिका रचल्या आणि त्यांना कोरियाच्या इतिहासातील थोरांची नावे दिली. दिवसाच्या चोवीस तासांप्रमाणे तूलही चोवीस. अनंत काळाच्या तुलनेत माणसाचे आयुष्य एका दिवसाएवढेच असते, तेवढ्यात काही मागे ठेवून जावे, ही त्यामागची कल्पना.

जपानी सत्ताधारी इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या आन जुंग-गन यांच्या नावाच्या तूलमध्ये बत्तीस हालचाली आहेत. १९१० मध्ये फासावर गेले तेव्हाचे त्यांचे वय त्यातून सूचित होते. सोळाव्या शतकात जपानी आरमाराला धूळ चारणारे सेनानी यी सुन-शिन यांच्या नावाची ‘चुंग-मू’ ही तूल डाव्या हाताच्या प्रहाराने संपते. विजयाच्या क्षणी आलेला त्यांचा मृत्यू आणि अपुरे राहिलेले सामर्थ्य यांचे ते प्रतीक. अखेरची तूल ‘ताँग-इल’ म्हणजे एकीकरण. दुभंगलेला कोरिया पुन्हा एक व्हावा, ही आस तिच्या छप्पन्न हालचालींत साठवलेली आहे. देशाचा इतिहास ज्या पिढीला शाळेत शिकता आला नाही, त्या पिढीच्या माणसाने तो पुढच्या पिढ्यांच्या अंगात भिनवण्याची ही सोय केली होती.

सराव, लढत आणि फळ्या-कौले फोडण्याचे कौशल्य ही या कलेची ठळक अंगे. सरावाच्या जागेला ‘दोजांग’ आणि पोशाखाला ‘दोबोक’ म्हणतात. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि काळा असा पट्ट्यांचा मुख्य क्रम आहे. सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अजिंक्य वृत्ती ही चोई यांनी घालून दिलेली पाच तत्त्वे. पायाची लांबी आणि ताकद हातापेक्षा अधिक, म्हणून लाथांवर भर. उंच, वळून आणि उडी घेऊन मारलेल्या लाथा हे तायक्वांदोचे वेगळेपण जगाच्या नजरेत भरले ते यामुळेच.

राजदूत आणि संघटक

मे १९६१ मध्ये मेजर जनरल पार्क चुंग-ही यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता हाती घेतली. पार्क आणि चोई यांचे संबंध जुने आणि अवघडलेले होते. साम्यवादी कटातील सहभागाबद्दल पार्क यांच्यावर पूर्वी लष्करी न्यायालयात खटला चालला, तेव्हा शिक्षा सुनावणाऱ्यांत आपण होतो, असे चोई यांनी आठवणींत म्हटले आहे. ते पार्कच आता देशाचे सर्वेसर्वा झाले. चोई यांची लष्करी कारकीर्द संपली आणि १९६२ मध्ये त्यांची रवानगी मलायात राजदूत म्हणून झाली. इकडे मायदेशात असोसिएशनने कलेचे नाव बदलून ‘ते सू दो’ केले.

राजदूताच्या निवासस्थानीही चोई यांचा सराव थांबला नाही. कोरियाहून प्रशिक्षक बोलावून त्यांनी मलायात, म्हणजे पुढच्या मलेशियात, तायक्वांदोचे वर्ग सुरू केले. तूलच्या रचनेचे बरेच काम याच काळात झाले. परतल्यावर ते पुन्हा असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि १९६५ मध्ये तायक्वांदो हे नाव पुन्हा प्रस्थापित झाले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनी, इटली, तुर्कस्तान, इजिप्त, मलेशिया आणि सिंगापूर या देशांचा दौरा त्यांच्या नेतृत्वाखालील पथकाने केला. २२ मार्च १९६६ रोजी सेऊलमध्ये नऊ देशांच्या सहभागाने आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ, म्हणजे आयटीएफ, अस्तित्वात आला. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या, गरीब कोरियातून बाहेर पडलेले तरुण प्रशिक्षक एकेका देशात जाऊन वर्ग उघडू लागले. कोरियाची मोटार किंवा दूरचित्रवाणी संच जगाच्या बाजारात पोहोचण्यापूर्वी कोरियाची लाथ पोहोचली होती.

हद्दपारी

ही कला म्हणजे परराष्ट्र धोरणाचे प्रभावी साधन आहे, हे पार्क सरकारच्याही ध्यानात आले. मग तिची सूत्रे सरकारशी पटवून न घेणाऱ्या सेनापतीच्या हाती कशी राहणार? जानेवारी १९७१ मध्ये कोरियन असोसिएशनचे अध्यक्षपद किम उन-याँग यांच्याकडे आले. मुत्सद्दी वृत्तीच्या किम यांच्यामागे सरकारचे पाठबळ होते. १९७२ मध्ये सेऊलमध्ये ‘कुक्कीवॉन’ हे भव्य मुख्यालय उभे राहिले. त्याच वर्षी चोई यांनी देश सोडला आणि ते कॅनडात टोरोंटोला स्थायिक झाले. आयटीएफचे मुख्यालयही त्यांच्याबरोबर गेले.

मे १९७३ मध्ये सेऊलमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि २८ मे रोजी जागतिक तायक्वांदो महासंघ, म्हणजे डब्ल्यूटीएफ, स्थापन झाला. एकाच नावाच्या खेळाचे आता दोन महासंघ झाले होते. आयटीएफने १९७४ मध्ये मॉन्ट्रियलला आपली जागतिक स्पर्धा घेतली. दोघांच्या लढतीचे नियमही वेगळे होत गेले. डब्ल्यूटीएफच्या लढतीत छातीवर संरक्षक कवच, जोरकस लाथा आणि चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई. आयटीएफमध्ये हातमोजे आणि पायमोजे घालून लढत, नियंत्रित आघात आणि डोक्यावर ठोशालाही मुभा.

किम यांनी ऑलिम्पिकचे दार ठोठावले. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने डब्ल्यूटीएफला मान्यता दिली. १९८८ च्या सेऊल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून झाला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्याला पदकांचा दर्जा मिळाला. पुरुष व महिलांच्या प्रत्येकी चार वजनगटांत लढती झाल्या आणि यजमान ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन बर्न्सने महिलांच्या ४९ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शब्दकोशातून शोधलेला शब्द आता जगभरच्या पडद्यावर झळकत होता. तो शोधणारे चोई तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि त्या सोहळ्याच्या बाहेर होते.

उत्तरेची वाट

चोई यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त निर्णय १९८० चा. त्या वर्षी प्रात्यक्षिकांचे पथक घेऊन ते उत्तर कोरियात गेले. दक्षिणेत साम्यवादी उत्तरेशी संपर्क हा गंभीर गुन्हा मानला जाई. ज्याने त्या राजवटीविरुद्धच्या युद्धात दक्षिणेचा गणवेश घातला होता, तोच सेनापती आता प्याँगयाँगमध्ये पाहुणा म्हणून उभा होता. दक्षिणेच्या लेखी ते फितूर ठरले. त्यांचे अनेक जुने, निष्ठावान प्रशिक्षक आयटीएफ सोडून गेले. ज्यांनी त्यांच्या शब्दाखातर परक्या देशांत वर्ग थाटले होते, त्यांच्यासाठी हा फार मोठा आघात होता.

चोई यांची बाजू वेगळी होती. तायक्वांदो एका राजवटीचा नसून सर्व कोरियन लोकांचा आहे आणि आपली जन्मभूमी उत्तरेत आहे, असे ते मानत. या भूमिकेत तथ्य होते, तसेच तडजोडही होती. तिची खूण चोवीस तूलमध्येच सापडते. प्याँगयाँगचे गांधीवादी वळणाचे राष्ट्रीय नेते चो मान-सिक यांच्या टोपणनावावरून ठेवलेली ‘को-दांग’ ही तूल चोई यांनी त्या सुमारास वगळली. चो मान-सिक यांना १९४६ मध्ये सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनी नजरकैदेत टाकले होते. त्यांच्या जागी आलेल्या तूलचे नाव ‘जूचे’, म्हणजे उत्तर कोरियाच्या सत्ताधाऱ्यांची अधिकृत विचारसरणी. ज्या मालिकांत त्यांनी देशाचा इतिहास जपला, तिथेच राजकारणाने हात घातला आणि तो हात त्यांनी रोखला नाही. आयटीएफच्या काही शाखा आजही जुनी ‘को-दांग’ करतात, तर काही ‘जूचे’.

१९८३ पासून प्रसिद्ध झालेला त्यांचा पंधरा खंडांचा तायक्वांदो ज्ञानकोश हे उत्तरायुष्यातील मोठे काम. हजारो छायाचित्रांसह प्रत्येक हालचाल, तिचा कोन आणि तिचा हेतू त्यात नोंदलेला आहे. १९८५ मध्ये आयटीएफचे मुख्यालय व्हिएन्नाला हलले. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही चोई देशोदेशी शिबिरे घेत राहिले. गुडघा कसा वाकवावा आणि देह किंचित खाली-वर करत प्रहारात वजन कसे ओतावे, हे समजावून सांगताना ते तासन्‌तास उभे राहत.

मुळांचा वाद

तायक्वांदोला दोन हजार वर्षांची परंपरा आहे, असे अनेक पुस्तकांतून सांगितले जाते. प्राचीन कोगुर्यो राज्यातील थडग्यांच्या भिंतींवर झुंजणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. शिल्ला राज्यातील ‘ह्वारांग’ तरुण योद्ध्यांची परंपराही सांगितली जाते. अलीकडच्या संशोधकांचे मत मात्र सावध आहे. आजच्या तायक्वांदोची घडण विसाव्या शतकातली असून जपानमध्ये कराटे शिकून परतलेल्या कोरियन तरुणांनी ती केली, असे ते दाखवून देतात. तेक्क्यॉन ही स्वतंत्र कला असून २०११ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. चोई यांनी कराटेचे शिक्षण कधी लपवले नाही. त्याचे महत्त्व मात्र वेळोवेळी कमी-जास्त करून सांगितले. तायक्वांदोचे एकमेव जनक हा त्यांचा दावाही इतर क्वानच्या गुरूंना मान्य नव्हता. नाम ते-ही आणि इतर अनेकांच्या घामाचा त्यात वाटा आहे. तरीही नाव, तूल आणि जगभरचे जाळे या तीन गोष्टींवरचा चोई यांचा ठसा त्यांच्या विरोधकांनाही पुसता आला नाही.

अखेर आणि नंतर

पोटाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या चोई यांनी अखेरचे दिवस उत्तर कोरियात घालवले. १५ जून २००२ रोजी प्याँगयाँग येथे त्यांचे निधन झाले. वय ८३. देशभक्त हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांना सन्मानाने मूठमाती देण्यात आली. दक्षिण कोरियाच्या सैन्यात जनरलपदी पोहोचलेल्या माणसाची समाधी उत्तरेच्या राजधानीत असावी, यातच कोरियाच्या फाळणीची शोकांतिका सामावली आहे. त्यांच्या पश्चात आयटीएफही एकसंध राहिला नाही. त्याचे तीन गट झाले आणि तिघेही स्वतःला खरा वारसदार म्हणवू लागले.

मात्र त्याच २००२ साली वारे थोडे बदलले. सप्टेंबरात दक्षिण कोरियाचे तायक्वांदो पथक प्याँगयाँगला आणि ऑक्टोबरात उत्तरेचे पथक सेऊलला गेले. दक्षिण कोरियातील बुसान आशियाई स्पर्धेत त्याच हंगामात सुरेंद्र भंडारी यांनी भारताला तायक्वांदोचे कांस्यपदक मिळवून दिले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर जिमी जगतियानी यांनी भारतात आणलेल्या खेळाचे ते फळ होते. २०१४ मध्ये दोन्ही महासंघांनी परस्परांच्या खेळाडूंना मान्यता देणारा करार केला. २०१७ मध्ये डब्ल्यूटीएफने आपले नाव ‘वर्ल्ड तायक्वांदो’ असे केले. २०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील प्याँगचांग हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनापूर्वी दोन्ही बाजूंच्या पथकांनी एकाच मैदानावर प्रात्यक्षिके केली. चोई यांच्या ‘ताँग-इल’ने सुचवलेले एकीकरण देशाच्या वाट्याला अजून आलेले नाही. त्या संध्याकाळी ते काही मिनिटांपुरते खेळाच्या वाट्याला आले.

जालन्यातील एखादी मुलगी आज कमरेला पिवळा पट्टा बांधून लाथ उंचावते, तेव्हा तिला प्याँगयाँगचे किंवा सेऊलचे राजकारण ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्यासाठी तायक्वांदो म्हणजे संध्याकाळचा एक तास, थोडी दमछाक आणि रस्त्याने एकटीने घरी जाताना वाटणारा भरवसा. आजारी प्रकृतीच्या एका मुलाने पैलवानाच्या भीतीपोटी सराव सुरू केला, तेव्हा त्यालाही याहून वेगळे काही हवे नव्हते. बलोपासनेला आत्मसन्मानाची जोड देणाऱ्या समर्थांच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला कोरियन भाषा यावी लागत नाही.